नावाचा रकाना

अंजलीबाईंनी टॅबची कळ दाबली आणि नवव्या ओळीवर त्या थांबल्या.

"नाव?"

समोरच्या खुर्चीत बसलेला कॅप्टन समीउल्ला टेबलाच्या कडेकडे पाहत होता.

"गुल मोहम्मदची बीवी," तो म्हणाला.

"ते नातं झालं. ते चौथ्या रकान्यात येईल. नाव काय?"

"एवढंच लिहा, आपा."

अंजलीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. नाशिकच्या कोर्टात त्यांनी सव्वीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली होती. त्यातली निम्मी वर्षं अपघाताच्या दाव्यांचे अर्ज टाइप करण्यात गेली. नाव, वय, धंदा, मयताशी नातं. नोकरी सोडल्यावर त्यांनी देवळाली कॅम्पच्या बाजारात टायपिंगचं दुकान टाकलं. शेजारच्या गाळ्यात त्यांचे यजमान मल्हारी पगारे झेरॉक्सचं मशीन चालवत. तोफखान्याच्या शाळेत शिकायला आलेले लष्करी अधिकारी दोघांचंही गिऱ्हाईक होते. कोर्सच्या वह्या, नकाशे, रजेचे अर्ज. अफगाणिस्तानातून आलेला समीउल्ला त्यांतलाच एक. लहानपणी पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत तो उर्दू शिकला होता, त्यामुळे त्याचं आणि बाईंचं हिंदीत छान जमे.

आज तो अर्ज घेऊन आला नव्हता. त्याच्याकडे एका वहीच्या पानावर लिहिलेली यादी होती. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या गावात चुलत्याच्या घरी साखरपुडा होता. काबूलच्या मदतीला आलेल्या एका मित्रदेशाच्या विमानांनी ते घर पाडलं. मेलेले सगळे हत्यारबंद होते, असं मित्रदेशाचं म्हणणं. साधी माणसं होती, असं काबूलचं. राजदूताला बोलावून घेतलं गेलं, दोन्हीकडून कडक भाषा झाली. शेवटी मित्रदेशाने नावं मागितली. गावात इंग्रजी लिहिणारं कोणी नव्हतं, आणि लष्करी अधिकाऱ्याच्या सहीला वजन असतं, म्हणून यादी करायचं काम समीउल्लाकडे आलं.

पाच पुरुषांची नावं त्याने वडिलांच्या नावांसकट घडाघडा सांगितली होती. दोन मुलांची सांगितली. सात वर्षांच्या एका मुलीचंही सांगितलं. राहिल्या होत्या तीन बायका.

"आमच्यात घरातल्या बाईचं नाव परक्या माणसापुढे घेत नाहीत," तो म्हणाला. "घेणं म्हणजे तिला उघड्यावर आणणं."

"नावाचा रकाना रिकामा ठेवला तर हरकत निघते, साहेब."

"निघू दे."

बाईंनी तिन्ही ओळींत नावाच्या जागी एक आडवी रेघ ओढली आणि कागद छापून दिला.

आठवड्याने तो पुन्हा आला तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. तो बसला नाही.

"दिल्लीच्या आमच्या वकिलातीतल्या एका साहेबांचा फोन होता," तो म्हणाला. "दोन्ही सरकारांना आता वाद वाढवायचा नाही. मिळून एक निवेदन काढणार आहेत. आकडा आठ."

"अकरा होते ना?"

"ज्यांना नाव नाही ते धरता येत नाहीत. साहेब म्हणाले, तुम्हालाही नावं द्यायची नाहीत, त्यांनाही आकडा लहान हवाय, सगळ्यांचंच सोपं झालं." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझा पुढचा कोर्स त्या मित्रदेशातच आहे. त्याचीही आठवण त्यांनी करून दिली."

"आणि तुमचे काका?"

"काकाला मी फोन केला. तो म्हणाला, आठ तर आठ. बायकांची नावं त्या लोकांच्या तोंडी नकोत."

बाहेरून एक ट्रक गेला. समीउल्लाने दारातून बाहेर पाहिलं. मग म्हणाला,

"आपा, तुम्हीच घाला तीन नावं. कोणतीही. आकडा अकरा राहील आणि त्यांची नावंही झाकलेली राहतील."

अंजलीबाईंनी लगेच नकार दिला नाही. असं काही त्यांना कोर्टात कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला उभंही केलं नसतं.

"एक नाव खोटं निघालं की समोरचा वकील सगळा अर्जच खोटा ठरवतो," त्या म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलंय. मग तुमचे आठही जातील."

तो खुर्चीत बसला.

"हा कागद कोण कोण वाचेल?"

"तुमचे दिल्लीचे साहेब. काबूलचे. मग त्या देशाचे."

"सगळे पुरुषच."

"बहुतेक."

बाई उठल्या. त्यांनी मधल्या दारातून शेजारच्या गाळ्यात डोकावून पाहिलं.

"अहो, जरा चहा सांगून या. आणि तिथेच घ्या तुमचा."

मल्हारीरावांनी कॅप्टनकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि ते पायऱ्या उतरले. बाईंनी जुनी फाईल उघडली. समीउल्ला उठून भिंतीकडे गेला, पाठ करून उभा राहिला, आणि तिथूनच त्याने तीन नावं सांगितली. पहिली दोन चुलतबहिणींची होती. तिसरं सांगायला त्याला वेळ लागला. ते चुलतीचं होतं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ते नाव त्याने जेमतेम ओठांबाहेर काढलं. एरवी स्पेलिंग विचारल्याशिवाय अंजलीबाई कोणाचंही नाव टाइप करत नसत. आज त्यांनी विचारलं नाही. ऐकू आलं तसं टाइप केलं.

कागद निघाल्यावर त्याने तो वाचला नाही. बाईंनी बोट ठेवलं त्या जागी सही केली, एक प्रत घडी करून खिशात घातली, आणि आलेला चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

निवेदन पंधरवड्याने निघालं. मल्हारीरावांनी ते पेपरच्या आतल्या पानावरून वाचून दाखवलं. दोन्ही देशांची मैत्री अभंग आहे. घटनेबद्दल खेद वाटतो. दहाच्या आसपास नागरिक मृत्युमुखी पडले असावेत.

"दहाच्या आसपास म्हणजे किती गं?" त्यांनी विचारलं.

अंजलीबाई प्रिंटरचं कार्ट्रिज बदलत होत्या. त्यांनी ते पुन्हा काढलं आणि पुन्हा बसवलं.

समीउल्ला अधूनमधून येत राहिला. परदेशातल्या कोर्सला आता दुसऱ्या अधिकाऱ्याचं नाव लागलं होतं. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून घेताना त्याने हे सहज सांगितलं. काकाचे फोन बंद झाले होते. यादी गेल्याचं गावात कळलं होतं, आणि काका कोणाशीच बोलत नाही असं एका चुलतभावाने कळवलं होतं. तो कागद बाईंच्याच हाताखालून गेला होता.

डिसेंबरात, परत जायच्या चार दिवस आधी, तो दुपारी आला. हातात यादीची ती प्रत होती. घड्यांवर फाटायला आली होती.

"काल काकाचा फोन आला," तो म्हणाला.

अंजलीबाईंनी हातातलं काम बाजूला सरकवलं.

"परवा तिथल्या रेडिओवर सगळी यादी वाचली. अकराच्या अकरा. साऱ्या खोऱ्याने ऐकली." तो बसला. "काकाचा आवाज ऐकला आणि मी उभाच राहिलो. म्हटलं, आता हा मला घरातून काढून टाकणार."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, रेडिओवाल्याने शेरीना वाचलं. शेरीना नव्हे. शिरीना." समीउल्लाने कागद उलगडून टेबलावर ठेवला. "चाळीस वर्षं मी तिला हाक मारली, म्हणाला. त्या लोकांना सांग, नीट लिहा."

अंजलीबाईंनी अकरावी ओळ पाहिली. इंग्रजी ‘आय’च्या जागी ‘ई’ हे अक्षर पडलं होतं.

"माझी चूक आहे," त्या म्हणाल्या.

"मी नीट सांगितलं नव्हतं, आपा."

त्यांनी फाईल उघडली, कर्सर त्या नावावर नेला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"स्पेलिंग सांगा."

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर सांगितलं. शेजारच्या गाळ्यात मल्हारीरावांचं मशीन चालू होतं, दोन विद्यार्थी नोट्ससाठी उभे होते. मधलं एक अक्षर बाईंना ऐकू आलं नाही. त्याने ते नाव पहिल्यापासून पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.