माझी काच इतकी स्वच्छ का होती?

मी एक जुनी काचेची टाकी आहे. अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. मित्रांनो, मापे आधीच सांगितलेली बरी. या घरात माझ्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि त्यातले मोजूनमापून बोललेले फार थोडे आहे.

पाच काचा आणि त्यांना जोडणारे सिलिकॉन, एवढाच माझा जन्म. ज्या कारागिराने मला जोडले, त्याने माझ्यात पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरले आणि तीन दिवस वाट पाहिली. कागद कोरडा राहिला. तरीही चौथ्या दिवशी त्याने चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलेच. संशय घ्यायला मी त्याच्याकडून शिकले.

मग मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्या राजवर्धन यांच्या घरी आले. खिडकीजवळ मला जागा मिळाली. माझ्यात गोल्डफिश वाढले. मागच्या काचेवर शेवाळाची हिरवट साय धरायची, तिच्यावरून बारक्या गोगलगायी फिरायच्या. राजवर्धनांची मुलगी निवेदिता लहान असताना त्या सायीत बोटाने स्वतःचे नाव लिहायची. पाहुणे म्हणायचे, टाकी छान आहे, पण जरा घासत जा.

गेल्या दिवाळीत राजवर्धनांची मोठी बहीण, मंदाताई, नोकरीतून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या. माझी देखभाल त्यांनी हौसेने अंगावर घेतली. दोन-तीन महिन्यांत माझी काच आरशासारखी झाली. "क्या चमक है!" असे पाहुणे म्हणू लागले आणि मी फुशारून गेले. मात्र त्याच वर्षात माझ्यातले चारही मासे एकामागून एक मेले.

"टाकीच पनौती आहे," मंदाताई एक दिवस म्हणाल्या.

मला राग आला नाही. मीही स्वतःकडे संशयानेच पाहत होते. माझे सिलिकॉन जुने झाले होते. त्यातून काही पाझरत तर नसेल?

निवेदिता आता अकरा वर्षांची आहे. तिने आणखी एका माशासाठी हट्ट धरला. राजवर्धन म्हणाले, "हा शेवटचा हं. हा गेला तर टाकी कबाडीला. तुळशीशेजारच्या कुंडीत मासे पुरायला आता जागा नाही उरली."

असा तो प्लेको आला. दुकानात त्याला सकर म्हणतात. बोटाएवढा, तपकिरी, अंगावर चिलखत आणि तोंड खालच्या बाजूला. निवेदिताने त्याची पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग त्याला हळूच सोडले. तो सरळ फिल्टरमागे गेला आणि तिथून एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिला. मला तो खबऱ्याच वाटला.

"दुकानवाले भैया म्हणाले, खिलाना कुछ नहीं, काच चाटके ही पेट भर लेगा," निवेदिताने घरात सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या काचेवर चाटण्यासारखे काय आहे, हे कोणी विचारले नाही. अभिमानाच्या भरात मीही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुढच्या काचेला चिकटला, तेव्हा त्याचे पोट दिसले. ते आत गेले होते.

निवेदिताने काकडीची चकती उकळत्या पाण्यात घालून मऊ केली आणि ती बुडावी म्हणून तिला स्टीलचा काटा टोचला.

"काट्यासकट? हॉटेल उघडलंस का?" राजवर्धन हसले.

सकाळी तिने चकती बाहेर काढली, वहीवर ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. पूर्ण वर्तुळ. मग तिने नारळाच्या करवंटीला खाच पाडून ती माझ्या तळाशी पालथी घातली. लपायला जागा मिळाली की बावरलेला मासा निवांत होतो, असे तिने वाचले होते. दिवाही बंद ठेवला. प्लेको करवंटीत शिरला. वहीत मात्र दुसरे वर्तुळ उमटले, मग तिसरे, मग चौथे. चारही पूर्ण.

"दोडका देऊन बघ," मंदाताई म्हणाल्या. "नाहीतर चतुर्थी असेल त्याची."

निवेदिता हसली नाही. ती माझ्या मागच्या काचेकडे पाहत होती. तिने तिच्यावरून बोट फिरवले आणि ते डोळ्यांजवळ नेले. बोट स्वच्छ होते.

"आत्या, तू टाकी घासतेस का गं?"

"नाही बाई. आपोआपच स्वच्छ राहते."

"आणि गोगलगायी कुठे गेल्या?"

"मला काय ठाऊक? गेल्या असतील."

कुठे जाणार, मित्रांनो? मला काय दार आहे?

"टाकीत पाणी कुठलं घालतेस?"

"हंड्यातलं. पाटणकर बाजारातून आणलाय ना मी, तांब्याचा. नळाच्या पाण्याला दवाईचा वास येतो. रात्रभर तांब्यात ठेवलं की कसं शुद्ध होतं. दर शनिवारी चिंच लावून घासते हंडा!"

"पण ते तर आपल्या पिण्याचं ना?"

"मग यांना काय हलकं द्यायचं? घरातलेच आहेत ना ते?"

आत्या निवेदिताची फार लाडकी आहे. तिने आरोप केला नाही. मैत्रिणीच्या टाकीतून सहा गोगलगायी आणल्या आणि खिडकीत लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या ठेवल्या. दोन्हींत नळाचेच पाणी घेतले. 'अ' मधले दवाईचा वास उडावा म्हणून प्लास्टिकच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवलेले, 'ब' मधले हंड्यातले. प्रत्येकीत तीन गोगलगायी.

"माझ्या बहिणीवर मुकदमा भरलायस की काय?" राजवर्धनांनी विचारले.

"मुकदमा नाही बाबा. जाँच आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'अ' मधल्या तिघी काचेवर चढत होत्या. 'ब' मधल्या तिघी शंखात मिटून तळाशी पडल्या होत्या. निवेदिताने त्यांना लगेच 'अ' मध्ये हलवले. दोघी उघडल्या. तिसरी उघडली नाही.

मंदाताईंनी 'ब' बरणी उचलून उजेडात धरली. "मी रोज दोन पेले पिते तेच पाणी. मला काही झालं नाही."

"आपल्याला थोडं तांबं चालतं, आत्या. ते चोवीस तास त्याच पाण्यात असतात, त्यातूनच श्वास घेतात. गोगलगाय मरते, शेवाळ मरतं, माशाची भूक मरते. आणि मग मासा."

मंदाताई आत गेल्या. मला वाटले, आता त्या पुन्हा माझ्याजवळ येणार नाहीत. पण त्या निळी प्लास्टिकची बादली घेऊन आल्या. "उगाच टाकीला बोलले मी," त्या म्हणाल्या.

एकदम सगळे पाणी बदलले तर मासा दचकतो. म्हणून रोज माझ्यातले एक तृतीयांश पाणी निघाले आणि तेवढेच बादलीतले आले. बादली मंदाताईच उचलत. वहीत पाचवे वर्तुळ पूर्ण आले, सहावेही. प्लेकोचे पोट आणखी आत गेले. राजवर्धनांनी कबाडीचा विषय काढला नाही, पण त्यांनी माझी लांबी वितीने मोजलेली मी पाहिली.

सातव्या चकतीच्या सकाळी मंदाताई ओरडल्या, "निवेदिता, उठ गं! खाल्ली त्याने! नुसती हिरवी बांगडी ठेवलीय बघ!"

काट्याभोवती काकडीच्या सालीचे कडे तेवढे उरले होते.

"विरघळली असेल," निवेदिता डोळे चोळत म्हणाली. तिला अजून पुरावा हवा होता. मग तिने करवंटीच्या तोंडाशी पडलेला लांब हिरवट धागा पाहिला आणि टाळी वाजवली.

"कुणाची शी बघून एवढा आनंद!" राजवर्धन म्हणाले.

"तुझी बघूनही आई अशीच खूश व्हायची," मंदाताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, कोणी जेवत नसेल तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याचे पाणी तपासा. जे आपल्याला मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही, मग ते कितीही मायेने दिलेले असो. आणि कोणी तुमच्या चमकेची फारच स्तुती केली, तर माझ्यासारखे फुशारून जाऊ नका. थोडी शंका घ्या.

माझ्या मागच्या काचेवर आता पुन्हा हिरवी साय धरली आहे. परवा एक पाहुणे म्हणाले, "टाकी मैली झालीय हो. घासत नाही का?"

मंदाताई चहा देत होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते त्याचं ताट आहे."