जिची बोट पाण्यात नाही

“ऑर्विल साक्ष द्यायला उभा राहिला, की माझ्या बटाट्यांची माती होते,” म्यूरिएल म्हणाली आणि तिने चर्चच्या तळघरातल्या ओव्हनचं दार जरा जास्तच जोरात लावलं. “गेल्या वर्षी तर ग्रेव्हीवर साय धरली. प्रभूने वाचवलं त्याला, मान्य. पण दर वर्षी पहिल्यापासून?”

“हळू बोल,” जॉयस म्हणाली.

“का? वर ऐकू जातं?”

“वर नाही गं.”

जॉयसने हनुवटीने कोठीच्या दाराकडे खूण केली. तेवढ्यात वर्ना मिठाची बरणी घेऊन बाहेर आलीच. दोघींच्या मधून वाट काढत तिने बरणी ओट्यावर ठेवली.

“साय नव्हती ती,” ती म्हणाली. “ग्रेव्ही मी केली होती. पीठ जास्त पडलं होतं.”

म्यूरिएल मोठ्यांदा हसली, गरजेपेक्षा थोडी जास्त वेळ. मग तिघींनाही एकदम कामं आठवली.

शेवंडी पकडायचे पिंजरे मंगळवारी पाण्यात जायचे होते. त्याआधीच्या रविवारी बेटावरच्या चर्चमध्ये बोटींची प्रार्थना होते. पाळक एकेका बोटीचं नाव वाचतात, ऑर्विल साक्ष देतो, म्हणजे प्रभूने आपल्याला समुद्रातून कसं वाचवलं ते सांगतो, मग प्रार्थना, आणि मग सगळे खाली तळघरात हॅम आणि बटाटे खायला उतरतात. या प्रार्थनेला एकच नियम आहे आणि तो चर्चच्या इमारतीपेक्षा जुना आहे. ज्याच्या घरचं कुणी समुद्रावर जात नाही, त्यानेच ती करायची. घरची बोट पाण्यात असली की माणूस सगळ्यांसाठी म्हणून सुरुवात करतो आणि शेवटी आपल्याच बोटीवर येऊन थांबतो, हे जुन्या लोकांनी पाहिलेलं होतं.

इतकी वर्षं ती प्रार्थना म्हातारा आल्डन करायचा. एका वर्षी तो उभा राहिला, “समुद्र तुझा, माणसंही तुझीच,” एवढंच म्हणाला आणि खाली बसला. बायका जेवताना कुरकुरल्या होत्या. एवढं उभं राहून काही मागितलं नाही म्हणजे काय? त्या कुरकुरीत वर्नाही होती. तेव्हा तिचा नवरा हॅडन ऑर्विलच्या बोटीवर जोडीदार होता, आणि त्या बोटीचं नाव आल्डनने घ्यायला हवं होतं, असं तिला मनापासून वाटलं होतं.

आल्डन वसंतात गेला. पाळक डेल वर्नाच्या घरी आले, आल्याचा केक दोनदा मागून घेतला आणि तिसरा तुकडा पुढे आल्यावर म्हणाले, “यंदा प्रार्थना तुम्ही कराल का?”

“मी?”

“तुमच्याकडून कुणी...” डेल केकचे कण बोटाने गोळा करू लागले. नव्या पाळकांना बेटावरच्या वाक्यांचे शेवट अजून जमत नव्हते.

“कुणी पाण्यात नाही,” वर्नाने त्यांचं वाक्य पुरं करून दिलं. मान होता हे तिला कळत होतं. तो कशामुळे मिळाला, हेही कळत होतं. मुलगी लग्न होऊन पार मुख्य भूमीवर राहत होती आणि रविवारी फोन करायची. घरात दिवसभर बोलायला रेडिओवरचा हवामानाचा अंदाज होता. पाण्यात कुणी नसतानाही वर्ना तो रोज ऐकायची, आणि वाऱ्याचा जोर सांगितला की उठून खिडकीशी जायची.

हॅडन गेला तो दिवसही पिंजरे टाकायचाच होता. पिंजऱ्यांनी बोट छतापर्यंत भरलेली, त्यात आडवी लाट आली, ओझं सरकलं आणि बोट कलंडली. ऑर्विल आणि हॅडन दोघेही पाण्यात पडले. बेटावरच्याच वेंडेलची बोट पोचली तेव्हा एकटा ऑर्विल हाताला लागला. दुसरा समुद्राने नंतर आपल्या सवडीने परत केला.

पहिल्या वर्षीच्या साक्षीत हॅडन होता. ‘माझा जोडीदार, माझा भाऊच म्हणा.’ पुढच्या वर्षी ‘आम्ही दोघं’ झालं. मग दर वर्षी लाट थोडी उंच होत गेली, पाणी थोडं गार होत गेलं, आणि कधीतरी हॅडन साक्षीतूनही निसटला. आता त्या बोटीवर दोघेच उरले होते: ऑर्विल आणि प्रभू. ऑर्विलने नवी बोट घेतली तिचं नावही ‘ऐकलेली प्रार्थना’ असं ठेवलं. कुणी काही बोललं नाही. चर्चमध्ये वर्नाच्या शेजारची जागाही कुणी घेत नसे. तेही कुणी बोलून ठरवलेलं नव्हतं.

वर्नाला राग नव्हता असं नाही. पण रागापेक्षा जुनी एक गोष्ट तिच्यापाशी होती. हॅडन शेवटी काय म्हणाला, हे तिला हवं होतं. काहीही चाललं असतं, शिवीसुद्धा. ते माहीत असलेला एकच माणूस होता. तो दुकानात समोर आला की टोपी काढायचा आणि डब्यांवरची नावं वाचत बसायचा. थंडी सुरू होण्याआधी कुणीतरी तिच्या दाराशी फोडलेली लाकडं रचून जायचं. कोण ते तिला माहीत होतं. दार मात्र त्याने कधी वाजवलं नाही, आणि तिनेही कधी उघडून पाहिलं नाही.

वर चर्चमध्ये बोटींची नावं वाचून झाली. ऑर्विल पुढे आला. यंदा तो बाकाचा आधार घेत उठला, हे वर्नाने पाहिलं. टोपी त्याच्या हातातच होती.

“त्या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही,” त्याने सुरुवात केली. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. लाट आली. काळोख आला. “आणि मी हाक मारली,” ऑर्विल म्हणाला. “मी हाक मारली, आणि प्रभूने ऐकलं. माझ्याकडून अजून काम करून घ्यायचं होतं त्याला.”

“आमेन,” चर्च म्हणालं. वर्नाचे ओठ नेहमीसारखे मिटलेले राहिले. ऑर्विल पुढच्या बाकावर जाऊन बसला. खालून बटाट्यांचा खरपूस वास येऊ लागला होता. म्यूरिएलने जॉयसकडे पाहिलं.

पाळकांनी मान हलवून खूण केली. वर्ना आपल्या जागीच उभी राहिली. तिने दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले आणि डोळे मिटले.

“प्रभू,” ती म्हणाली.

भिंतीकडेच्या गरम पाण्याच्या नळ्या ठकठकल्या. कुणीतरी खोकलं.

“समुद्र तुझा. माणसंही तुझीच.”

लोक जरा सैलावून बसले. आल्डनचीच प्रार्थना, आटोपशीर. म्यूरिएलने पर्स उचललीसुद्धा.

“त्या दिवशी मी धक्क्यावर उभी होते,” वर्ना म्हणाली. “मी तुला म्हटलं, दुसरं काहीही कर, माझा माणूस तेवढा परत आण. दुसरं काहीही म्हणजे काय, ते मला माहीत होतं. बोटीवर दोघेच होते. ते मी आज परत घेते.”

म्यूरिएलची पर्स पुन्हा मांडीवर आली.

“तू ऑर्विलला वर काढलंस. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नव्हते. या खोलीत सगळ्यांनी मानले, मी तेवढी राहिले होते. माझ्या मनासारखं झालं असतं तर तू चांगला, नाहीतर नाही, असा हिशोब मी धरून बसले होते. तो काही तुझा हिशोब नव्हे. तू तेव्हाही देव होतास. आणि हॅडन...”

ते नाव त्या भिंतींनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कुणाच्या तरी हातातून गीतांचं पुस्तक जमिनीवर पडलं आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही.

“हॅडननेही हाक मारली असेल,” वर्ना म्हणाली. आवाज एवढा लहान झाला होता, की मागचे लोक पुढे झुकले. “मारलीच असेल. तू ऐकली असशील. मला काही नको. या बोटी तुझ्या हातात आहेत, परत आल्या तरी आणि... मला फक्त...”

पुढचं वाक्य आलं नाही. आमेनही आलं नाही. ज्याने प्रार्थना सुरू केली त्यानेच ती संपवायची असते, त्यामुळे सगळे डोळे मिटून, मान खाली घालून तसेच अडकून राहिले. खाली बटाटे करपत होते.

पुढचा बाक करकरला. ऑर्विल उभा राहिला होता. तो मागे वळला नाही. टोपीची कड बोटांतून फिरवत तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

“मी हाक मारलीच नव्हती,” तो म्हणाला.

आता डोळे मिटलेलं कुणीच राहिलं नव्हतं.

“तोंडात पाणी होतं माझ्या, वर्ना. आवाजच फुटला नाही. प्रभूला मारलेली ती हाक हॅडनची होती.” टोपी फिरायची थांबली. “आणि तिच्यात ‘वाचव’ म्हणून नाव माझं होतं.”