पित्ताचा हिरवा थेंब

दचकू नका, मी सुरी बोलतेय. खरं तर दचकायची सवय मलाच. कुणी म्यानातून ओढलं की आजही माझ्या पात्यात धस्स होतं.

एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगपाट्यातून माझा जन्म झाला. लोहाराने मला लालबुंद तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं आणि एका सुताराच्या हाती दिलं. त्याच्या कमरेला मी तेवीस वर्षं राहिले. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याची थोरली बहीण रानात जात. बंदूक बहिणीची, सुरी त्याची.

गेल्या वर्षी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात वाचला, पण त्यात थरथर राहिली. सहा महिने मी खुंटीवर गंजत लटकले.

मग एका दुपारी आम्ही पुन्हा ओढ्याकाठी आलो. या खेपेला त्याची मुलगीही होती. बहिणीने ससा टिपला, शेकोटी पेटवली. सुताराने मला दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं. शेवटी मुलीपुढे धरलं.

"तू कर. तुला नाही जमलं तर आपलं रानात येणं आज संपलं."

"मी? बाबा, मला रक्त बघून घेरी येते!"

"कॉलेजात बेडूक कापायचीस ना गं?" आत्याने विचारलं.

"आत्या, ते मेलेले असायचे!"

"मग हा काय डुलकी काढतोय?"

मुलीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिने माझी मूठ धरली. तिचाही हात कापत होता.

"माझा हात आजाराने थरथरतो, तुझा भीतीने," सुतार म्हणाला. "भीतीचा बरा. काम सुरू झालं की थांबतो."

खरंच थांबला. मागच्या पायांपासून कातडं सैल केलं, तसं ते मोज्यासारखं उलटं निघून आलं. मग पोटावर बोटभर चीर. आत अजून ऊब होती. तेवीस वर्षं बघतेय, तरी तिथे मी थबकतेच. एवढ्याशा पोटात एवढं सामान, आणि एकाचा धक्का दुसऱ्याला नाही! प्रवासाची पेटी इतक्या मायेने कोण भरत असेल?

मुलगी श्वास रोखून बघत राहिली. "बाबा, किती सुंदर आहे हे..."

"म्हणूनच हळू. कलेजीला चिकटलेली ती हिरवी पिशवी दिसते? पित्त आहे. फुटलं की मांस कडू."

नेमकं तेव्हाच शेकोटीतलं ओलं लाकूड फटकन तडकलं. ती दचकली, मीही दचकले. माझं टोक थेट पिशवीत! हिरवा थेंब कलेजीवर पसरला.

आता ती मला टाकून देणार, असं वाटलं. पण तिने ओठ आवळले, डागाळलेला भाग कापून टाकला आणि पोट आतून तीनदा धुतलं. मीठ चोळून ससा ओल्या फांदीत ओवला. ज्वाळा बसेपर्यंत थांबली, मग निखाऱ्यांवर तासभर फिरवत राहिली.

पहिला घास सुताराचा. तो बराच वेळ चावत होता.

"कडू लागतंय?" तिने विचारलं.

"लागतंय जरासं." तो घोटभर पाणी प्यायला. मग डावा हात पुढे केला. "मांडीचा तुकडा दे. आणि ताई, पुढच्या वेळी लाकडं सुकी आण."

पुढच्या वेळी! माझी धार शहारली.

आता मी त्या मुलीच्या कमरेला असते. पोरी, मला कोरडं पुसून ठेवत जा, एवढं कर. हात थरथरला तर लाजू नकोस. ज्याला ते पोट उघडताना काहीच वाटत नाही, त्याच्या हाती मात्र मला कधी देऊ नकोस.