शांतव्वाचं मनगट

"हात हलवू नको. चढू दे जरा," चन्नाप्पा म्हणाला.

शांतव्वाने डावा हात पाटावर टेकवला होता. मनगटावर दवण्याच्या अत्तराचा एक थेंब चमकत होता. गॅसवर आमटी उतू जाईल म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. पण या घरात अत्तर चढेपर्यंत आमटीने थांबायचं असतं, हे तिला लग्न झाल्यापासून पाठ होतं.

चन्नाप्पाने वाकून हुंगलं. मान झटकून पुन्हा हुंगलं.

"छ्या! आंबूस येतंय. आकारामनं भेसळीचं तेल गळ्यात मारलं की गं."

"असंल तसंच," म्हणत शांतव्वा उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला. ते त्याला दिसलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष नाकात होतं.

शिवाजी पेठेतल्या त्या मागच्या खोलीला ना पाटी होती ना दुकानाची फळी. चन्नाप्पा बाहेरून तेलं आणायचा, चंदनाच्या तेलात थेंबाथेंबाने मिसळायचा, मुरवायचा आणि छोट्या बाटल्या भरायचा. खस, केवडा, मोगरा ही शहाणी तेलं. बाटलीत जशी तशीच अंगावर. दवणा मात्र लहरी. तो प्रत्येकाच्या कातडीवर वेगळा उमटतो, तेव्हा त्याची परीक्षा मनगटावरच करावी लागते. चन्नाप्पाच्या हातात इतकी तेलं मुरली होती, की तिथे नव्या वासाला जागाच नव्हती. म्हणून नव्या नवरीचं मनगट त्याने एकदा ओढून घेतलं, आणि त्यानंतर त्या मनगटाने हो म्हटल्याशिवाय दवण्याची एकही बाटली घराबाहेर पडली नाही. गिऱ्हाइकं त्याच्या नाकाचं कौतुक करायची. तोही मिशीवरून हात फिरवत ऐकून घ्यायचा. मनगटाचं नाव त्याने कधी कुणापाशी काढलं नाही.

आता चैत्र तोंडावर आला होता. जोतिबाच्या यात्रेला जाणारे लोक दवण्याचं अत्तर मागायला येणार, आणि घरात दवणा आंबलेला! त्याने तेलवाल्या आकारामला त्याच्या दारात जाऊन शिव्या घातल्या. आकारामने बिचाऱ्याने नवं तेल दिलं. तेही आंबलं. मग चन्नाप्पाने चंदन बदललं, बाटल्या उकळून घेतल्या, ड्रॉपर बदलला. वास तोच.

"तू काय लावतीस हाताला?" एके दिवशी तो शांतव्वावर खेकसला.

तिचं मनगट लाल झालं होतं. "काय न्हाय वो. घासून आलो जरा," ती म्हणाली. काथ्याने घासून घासून तिने सालटं काढलं होतं. तिचे पाय सुजले होते, जेवण जात नव्हतं, आणि अत्तर बिघडतंय ते आपल्याच हाताने की काय, अशी शंका तिला त्याच्याआधीच आली होती. पण चैत्रातल्या कामाच्या घाईत आपलं दुखणं मधे आणायचं नाही, ही तिची जुनी खोड होती.

त्या दिवशी चन्नाप्पाने वैतागून सगळं अत्तर मोरीत ओतलं. गल्लीभर दवणा दरवळला. शेजारची झुंबरबाई पदर खोचून दारात आली.

"अण्णा, कुणाचं लगीन हाय व्हय? गटारातनं अत्तर व्हायलंय!"

"नासलंय ते."

"नासलंय?" तिने पाटावर राहिलेली एक बाटली उचलली, उपडी करून थेंब मनगटावर घेतला आणि चोळला. थोड्या वेळाने हात त्याच्यापुढे धरला. "ह्ये बघा की. ह्येला नासलं म्हणत्यात?"

परक्या बाईचं मनगट त्याने आजवर हुंगलं नव्हतं. तो संकोचत वाकला. वास अस्सल होता. गोड, जरासा कडसर, चैत्रातल्या डोंगरावर येतो तसा. कुठे म्हणजे कुठे खोट नव्हती.

"तेल चांगलं हाय की!" तो आनंदाने ओरडला आणि शांतव्वाला सांगायला वळला.

ती आतल्या दारात उभी होती. मनगट पदराने पुसत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. चन्नाप्पाचा आनंद जागच्या जागी मेला. झुंबरबाईलाही काय समजायचं ते समजलं. ती बाटली हातात घेऊन गुपचूप निघून गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शांतव्वाचं रक्त तपासलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. लघवीवाटे जायचं ते विष अंगातच साठत होतं, घामावाटे कातडीवर येत होतं. "काहीच बदल जाणवला नाही का घरात?" डॉक्टरांनी साधेपणाने विचारलं.  रोज त्या हातावर नाक टेकवून चन्नाप्पा तेलाला शिव्या घालत होता. दुखणं त्याच्या नाकाखाली होतं, आणि तो चांगलं अत्तर मोरीत ओतत बसला होता. त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या नाकाची किळस येऊ लागली.

यात्रा आली आणि गेली. गिऱ्हाइकं दारातून परत गेली. शांतव्वा खाटेवर असायची. एका दुपारी तिने डावा हात पुढे केला.

"एकदा पैल्यागत वास येऊ दे की माझ्या हाताला. मग काय मागत न्हाय."

तो कामाला लागला. खस वाढवला, दवणा कमी केला, चंदन जास्त घातलं, केवड्याचा थेंब टाकून बघितला. तिच्या मनगटावर लावायचा, वाट बघायचा, हुंगायचा आणि पुसून टाकायचा. अत्तर जिंकत नव्हतं. आतून येणारा तो आंबूस वास रोज थोडा पुढे सरकत होता, आणि बाटल्यांची रांग वाढत होती.

शेवटी तीच म्हणाली, "आला बघा. आता झाकण लावा."

वास आला नव्हता. त्याने झाकण लावलं.

ज्येष्ठ लागताना शांतव्वा गेली. लिंगायत रीतीप्रमाणे तिला आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं. कपाळाला विभूती लावली, गळ्यात हार घातला, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. जंगम मंत्र म्हणत होते. बाहेर माणसं जमली होती.

झुंबरबाई आत आली. तिने कमरेची पिशवी सोडून ती बाटली काढली आणि चन्नाप्पाच्या हातात दिली. "तुमचीच हाय अण्णा. त्या दिवशी ऱ्हायलेली."

तो शांतव्वाच्या शेजारी बसला. इष्टलिंगाला धक्का लागू न देता त्याने तिच्या मनगटावर एक थेंब सोडला आणि अंगठ्याने हलकेच पसरला. मग वाकून हुंगलं.

आंबूस वास नव्हता. पैल्यागतही नव्हता. बाटलीत जसा होता तसाच वास, कुणाचाही नसलेला. थंड कातडीवर तो उमटतच नव्हता.

"चला चन्नाप्पा," जंगम हळूच म्हणाले. "उचलायची वेळ झाली."

त्याने मान वर केली नाही. मनगट तसंच हातात धरून ठेवलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "चढू दे."