पहिल्या तारखेची सवय

इंदिरा मोघेने सव्वीस वर्षांत दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. पहिल्या तारखेची बचत, आणि त्या बचतीपायी त्याच दिवशी खाल्लेला मार.

बचतीची सवय वडिलांची. जनार्दनपंतांनी उभा जन्म टपालखात्यात कारकुनी केली होती. लेकीला सासरी पाठवताना त्यांनी एवढंच सांगितलं, "पगार हातात आला की आधी आपलं बाजूला काढायचं, मग घराचं. उलट केलंस तर काही उरत नाही." गोष्ट सोळा आणे खरी होती. उत्तरेकडच्या त्या सासरच्या गावी इंदिरा मुलींच्या एका इंटर कॉलेजच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेच्या, दफ्तरात नोकरीला लागली आणि पहिल्याच पगारातून तिने पाचशे रुपये पोस्टात टाकले. नवरा देवेंद्र दतिया गेटापाशी जमिनींची दलाली करायचा, म्हणजे वर्षातून एखादा सौदा आणि उरलेले दिवस पानाच्या टपरीवर बाता. त्याला बायकोचा पगार अख्खा हवा असे.

"किती काटले?" एक तारखेला घरात शिरता शिरता तो विचारायचा. इंदिरा बचतीसाठी कापलेला खरा आकडा सांगायची. मग कमरेचा पट्टा निघायचा.

पट्टा निघायच्या आत ती चष्मा काढून फडताळात ठेवायची, कारण चष्म्याला पैसे पडतात. मग बांगड्या उतरवायची. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे मार पाठीवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. तरी नेहमी साधायचं नाही. एका वर्षी कुकरच्या झाकणाने तिचे दोन दात गेले. एकदा त्याने जिन्यावरून ढकललं आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा पोस्टाचा कागद तिने डाव्या हाताने भरला. पोस्टाच्या बचतीचे पैसे गोळा करायला येणाऱ्या रुक्मिणीबाईंनी तिचा गळ्यातल्या झोळीत अडकवलेला हात पाहिला, पावती फाडून दिली आणि गुमान निघून गेल्या.

आता कोणी म्हणेल, बिचारी, करणार काय. बिचारी वगैरे काही नाही. इंदिराला या सगळ्याचा अभिमान होता, आणि चीड येते ती त्याचीच. मार म्हणजे तिच्या लेखी हप्त्यावर लागणारा कर. तो भरला की महिनाभर कोणी विचारायचं नाही. देवेंद्र दमून बाहेर गेला की ती खाटेखाली लपलेल्या लेकीला, जाईला, हाक मारायची, मांडीवर घ्यायची आणि पासबुक उघडून दाखवायची. फुटलेल्या ओठाचं रक्त पानावर पडू नये म्हणून मान वाकडी धरायची आणि म्हणायची, "बघ, हा महिनाही चुकला नाही."

पाचशेचे हजार झाले, हजाराचे आठ हजार. पोस्ट झालं, मग म्युच्युअल फंड झाला. अठ्ठावीस लाख जमले. लक्ष्मी ताल या तळ्याकडे दोन खोल्या घ्यायच्या, स्वतःच्या नावावर, आणि दाराला असं कुलूप लावायचं की त्याची किल्ली देवेंद्रकडे नसेल, हे तिचं पहिल्यापासून ठरलेलं. पण दर वेळी मुदत पुरी झाली की ती म्हणायची, आणखी पाच वर्षं राहू दे, वाढेल. आणि कागद पुन्हा भरायची.

या जूनच्या पहिल्या तारखेला भर दुपारी जाई आली. तिचं सासर गावातल्याच सिपरी बाजारात, आशिषशी लग्न होऊन तीन वर्षं झालेली, नोकरी एका खासगी कंपनीत. उन्हात स्कूटर चालवणाऱ्या पोरी घालतात तसे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे तिच्या अंगात होते. ती कूलरसमोर बसली, पाणी प्यायली आणि मोबाइल आईपुढे धरला.

"बघ ना आई. अडीच लाख झाले. तीन सालांत एकपण महिना मिस नाही."

इंदिराला भरून आलं. पोरीचं मराठी धेडगुजरी झालं होतं, पण शिकवण मुरली होती. आकडा नीट दिसावा म्हणून तिने जाईचा हात धरून जवळ ओढला. जाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

इंदिराने बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्याच्या बक्कलाचे चौकोनी वळ होते, काही पिवळे पडलेले, दोन अजून ओले.

"कधीपासून?"

"पहिल्या हप्त्यापासूनच." जाईने बाही खाली ओढली. "पण आशिषजी फक्त एक तारखेलाच मारतात, आई. बाकी दिवस चांगले असतात. आज सकाळीच झालं, आता महिनाभर टेन्शन नाही. मी चष्मा आधीच काढून ठेवते. आणखी पाच वर्षं, मग फ्लॅटचं बघीन."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. शाळेतून पहिला नंबर आणल्यावर दिसायची तशी दिसत होती. पोरीला बचत शिकवली, असं इंदिरा तीन वर्षं सगळ्यांना सांगत फिरत होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. देवेंद्र आत आला, त्याने लेकीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "किती काटले?"

जाई उठली आणि गुपचूप आतल्या खोलीकडे निघाली. पंचविशी गाठलेली बाई, पण पाय सात वर्षांच्या मुलीचे. इंदिरा ते पाहत राहिली.

"आठ हजार," ती म्हणाली. या वेळी तिने चष्मा काढला नाही आणि भिंतीकडे तोंडही केलं नाही.

पट्टा तोंडावरच बसला. काच फुटली, भुवई उसवली, डोळ्यात रक्त उतरलं. देवेंद्र क्षणभर थबकला, कारण अशी तोंड समोर करून ती कधी उभी राहिली नव्हती. मग त्याने पुन्हा हात उचलला. इंदिराच्या हाताला ओट्यावरचा वरवंटा लागला. तिने तो दोन्ही हातांनी धरून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज जाईला आतल्या खोलीत ऐकू गेला. देवेंद्र ओरडत खाली बसला, तर तिने दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तिसरा खांद्यावर. तिला थांबायचं नव्हतं. सव्वीस वर्षांचा राग एकदम वर आला होता आणि तो फार गोड लागत होता, हे खोटं कशाला सांगा. चौथ्या घावाला वरवंटा त्याच्या डोक्यावर उचललेला असताना जाईने मागून येऊन तिला कवेत घट्ट धरलं.

"आई, मरतील ते."

इंदिराने वरवंटा खाली ठेवला. तिने शेजारच्या दत्तात्रेय भैयांना हाक मारून देवेंद्रला दवाखान्यात न्यायला सांगितलं. मग पदराने डोळा दाबून ती जाईच्या स्कूटरवर मागे बसली.

सरकारी इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई भुवईला टाके घालत होत्या. त्यांची नजर जाईच्या बाहीवर उमटलेल्या रक्ताच्या डागाकडे गेली. त्यांनी विचारलं, "और इनको क्या हुआ?" जाईने आईकडे पाहिलं. न्हाणीघरात पडले, असं सांगायचं असतं हे तिला पाठ होतं.

"लिखिए," इंदिरा म्हणाली. "इसको इसके पति ने मारा, मुझे मेरे ने. और उनकी कलाई मैंने तोड़ी है, वो भी लिखिए." मग जाईचा हात हातात घेऊन ती हळू म्हणाली, "तू आता तिकडे जायचं नाहीस. मी साठवलेलं सगळं मोडते. आजच अर्ज भरते. दोन खोल्या घेऊ, वकील लावू."

जाईने विचारलं, "मी सात वर्षांची होते, तेव्हा का नाही मोडलंस?"

तेव्हा इतके पैसे कुठे होते, असं म्हणायला इंदिराने तोंड उघडलं. पण पासबुकाचं ते पान तिला तोंडपाठ होतं.

"तेव्हा एकसष्ट हजार होते," ती म्हणाली. "एका खोलीच्या भाड्याला, आपल्या दोघींना, पुरले असते. मला माहीत होतं."

जाईने आईच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि दोन्ही बाह्या वर करून हात डॉक्टरीणबाईंच्या पुढे केले.