अर्धं ठेवा

ग्रंथपाल बाई कॉलेजात नोकरीला लागल्या तेव्हा भूगर्भशास्त्राच्या नावाने ग्रंथालयात दोन कपाटं होती आणि त्यातल्या एकाला दार नव्हतं. पुढे त्याची भिंतभर मांडणी झाली ती बाईंमुळे आणि दगडसरांमुळे. दगडसर म्हणजे त्या विषयाचे प्राध्यापक. मुलं त्यांना मागून असं म्हणायची, आणि सरांना ते कळलं तेव्हा ते उलट खूशच झाले.

दर वर्षी सर प्रकाशकांचे कॅटलॉग घेऊन बाईंच्या टेबलाशी ठाण मांडायचे. "हे घेऊ या. हे नको, यात नुसती चित्रं आहेत."

"सर, सगळं अनुदान तुम्हीच संपवलंत तर इतिहासवाले माझा गळा धरतील."

"धरू दे. त्यांचा इतिहास दोन-चार हजार वर्षांचा. आमचा कोट्यवधी वर्षांचा. पुस्तकं कुणाला जास्त लागणार?"

बाई हसायच्या आणि पुस्तक मागवायच्या. हळूहळू तिथल्या नदीच्या खोऱ्याच्या सर्वेक्षणाचे अहवाल आले, नकाशे आले, परदेशी संस्थांशी अदलाबदल करून नियतकालिकं आली. मधला एखादा खंड नसला की बाईंना चैन पडायचं नाही. कुठे सापडलाच तर त्या सरांना फोन करायच्या, आणि सर पलीकडून घरात लग्न ठरल्यासारखे ओरडायचे.

सर निवृत्त झाले. नंतर त्या विषयाला मुलं मिळेनात आणि तो विभागच बंद झाला. सर मात्र येत राहिले. सकाळी काठी टेकत यायचे, मांडणीतून एखादा खंड काढायचे आणि खिडकीपाशी उघडून बसायचे.

एक दिवस प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता.

"मॅडम, जागा नाही म्हणून मुलं जिन्यात बसून अभ्यास करतात. मला बघवत नाही. त्या भिंतीची पुस्तकं शेवटची कुणी नेली होती?"

बाईंनी आठवून पाहिलं.

"सगळी काढा म्हणत नाही मी. अर्धी ठेवा. कुठली ठेवायची ते तुम्हीच ठरवा, तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

बाईंनी ओळखीच्या सगळ्या ग्रंथालयांत फोन केले. फुकट देते, पोचवतेही, म्हणाल्या. कुणाकडे जागा नव्हती. त्यांची जुनी मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात ग्रंथपाल होती. ती म्हणाली, "अगं, माझीच कुणी घेतंय का म्हणून मी तुला फोन करणार होते."

मग सुट्टीच्या दिवशी बाई निवडायला बसल्या. मदतीला त्यांचे यजमान आले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बाईंनी अहवाल आणि नकाशे ठेवायचं ठरवलं, कारण ते दुसरीकडे कुठेच मिळाले नसते. नियतकालिकं काढली. प्रत्येक खंडावर 'बाद' असा शिक्का मारताना त्या तो उघडून बघत होत्या.

"अशानं वर्ष जाईल," यजमान म्हणाले.

"सर रोज यातलंच काहीतरी वाचतात हो."

यजमानांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "वाचत नाहीत. आता त्यांना अक्षर दिसत नाही. मी नंबर काढला ना त्यांचा. कुठल्याच काचेनं भागेना. तुला सांगू नका म्हणाले होते."

पुढच्या आठवड्यात रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. पुठ्ठे कागद-गिरणीत चालत नाहीत, म्हणून त्याची माणसं अंगणातच बसून खंडांचे पुठ्ठे टराटरा फाडत होती. बाई खिडकी लावून आत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सर आले. सवयीने मांडणीपाशी गेले, डावीकडून हात फिरवत निघाले, आणि मध्यावर त्यांचा हात फळीवर पडला. त्यांनी खालची फळी चाचपली, मग वरची. बाई धावत गेल्या.

"सर, ती... बांधणीला पाठवलीत."

"एवढी सगळी?"

सरांनी फळीवरची धूळ बोटांनी चोळली. "बरं," म्हणाले आणि काठी शोधू लागले. ती बाईंनी त्यांच्या हातात दिली. त्यानंतर सर ग्रंथालयात आले नाहीत.

सत्र संपताना ग्रंथालय समितीची बैठक झाली. एक तरुण प्राध्यापक उरलेले अहवाल चाळून आला होता. "यात पानोपानी त्या नियतकालिकांचे संदर्भ आहेत. ती आता आपल्याकडे नाहीत. मग हे कुणाच्या काय कामाचं?" तो तिरकस बोलत नव्हता, आणि त्याचं चूकही नव्हतं. प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. उरलेलंही गेलं.

खोऱ्याचा मोठा नकाशा तेवढा बाईंनी परवानगी काढून घेतला आणि सरांच्या घरी नेला. सूनबाईंनी दार उघडलं. सर आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. बाईंनी नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. सरांनी कागदावरून एकदा हात फिरवला.

"निवडायला बसलीस तेव्हा मला का नाही बोलावलंस?"

"तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

"झालाच असता. पण अर्धं ठेवू नकोस, एवढं तरी सांगितलं असतं. द्यायचं तर सगळं दे, नाहीतर भांड."

"भांडून राहिलं असतं का, सर?"

सरांनी नकाशाचा कोपरा बोटांनी सपाट केला. "नसतं राहिलं," म्हणाले. मग त्यांनी नकाशाची कडा चाचपडत बाईंच्या दिशेने सरकवली. "हा घेऊन जा. मी गेल्यावर याचं काय करायचं, हे सूनबाईला कोडं नको."

बाई नकाशा घेऊन परत आल्या. यजमानांनी स्टुलावर चढून तो कपाटावर ठेवला. वर बॅगा होत्या, नीट मावत नव्हता.

"थांब, बॅगा हलवतो. नाहीतर मधेच घडी पडेल."

"पडू दे," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला आत गेल्या.