चोच काठीकडे

टाकेबाईंची सुई झेंड्यावर कधी चुकत नाही, असं शिवणखात्यात सगळे म्हणत. आणि खोटं कशाला बोला, बाईंनाही ते ऐकायला आवडे. नऊ वर्षं त्यांनी रोजंदारीवर काढली होती. आता कुठे कायम करण्याचा कागद तपासनीस साहेबांच्या सहीला आला होता.

त्या सकाळी टेबल आवरताना त्यांनी सोनेरी कापडाचा उरलेला तुकडा उचलला आणि उजेडाकडे धरून पाहिला. राष्ट्राध्यक्षांच्या गाडीवरच्या झेंड्याला दोन्ही बाजूंनी करकोचा असतो. कुठूनही पाहा, त्याची चोच काठीकडेच हवी. म्हणून दुसरा करकोचा साचा उलटा ठेवून कापायचा. तुकड्यात मात्र करकोचे कापून राहिलेल्या दोन्ही भोकांच्या चोची एकाच दिशेला होत्या! म्हणजे त्यांनी शिवून दिलेल्या झेंड्यावर एका बाजूचा करकोचा काठीकडे पाठ करून उभा, आणि अकरा वाजता नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी.

बाईंनी साहेबांना गाठून सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पास मीच केलाय तो! धावत्या गाडीवर कोण बघतंय? झेंड्याच्या पेटीचं सील तोडलं तर वर कळवावं लागेल. मग तुमचा कागद गेलाच म्हणून समजा."

बाईंचे डोळे भरून आले. आईची नोकरी पक्की झाली, असं लेक शेजारीपाजारी सांगूनही बसली होती. तरी त्या म्हणाल्या, "मी बघितलंय ना, साहेब. आता मला गप्प बसवत नाही."

पेटी राष्ट्राध्यक्षांच्या दालनात होती. बाई तिकडे गेल्या, मागोमाग साहेबही. सील तोडायचं म्हणताच तिथला अधिकारी उखडलाच. "राष्ट्राध्यक्षांना ताटकळत ठेवणार?"

खिडकीपाशी शपथ पाठ करत असलेल्या नव्या राष्ट्राध्यक्ष वळल्या. "अजून झालेय कुठे मी? तास आहे हातात. शिवा तुम्ही." आणि पेटी उघडवून, समोर बसून त्यांनी झेंड्याचं दुसरं टोक ताणून धरलं. "चूक पकडली कुणी?"

"मीच," टाकेबाई पुटपुटल्या. "केलीही मीच."

 मग साहेबांनी फाइल उघडून अहवालात लिहिलं, 'न पाहता पास केले, ही चूक माझी.' खाली सही केली, आणि त्याच दमात बाईंना कायम करण्याच्या कागदावरही केली.

"दोरा ओवा आता, बाई. तासच आहे हातात."

"दोरा नंतर, साहेब. आधी आपली चूक काढू द्या," बाई म्हणाल्या आणि टाके उसवायला लागल्या.